मावशी, भाचा आणि युरेनियम

१९३८ सालचा नाताळ. स्वीडनमधल्या कुंगेल्व गावाबाहेर मावशी-भाचे बर्फातून फिरायला निघालेत. भाच्याच्या पायांत स्की आहेत, साठीची मावशी आपली चालतेच आहे, पण मागे पडायला तयार नाही. मावशी म्हणजे लीझ माइटनर आणि भाचा ओटो फ्रिश, दोघेही भौतिकशास्त्रज्ञ. ज्यू असल्यामुळे बाईंना त्याच वर्षी बर्लिनमधली तीस वर्षांची घडी मोडून पळावं लागलं होतं. तिथला सहकारी ओटो हान याचं पत्र आलं होतं, आणि दोघांच्या डोक्यात तेच घोळत होतं. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले, तर हाती लागलं बेरियम! ९२ प्रोटॉनांच्या घरात हा ५६वाला आला कुठून?

एका पडलेल्या ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड मांडली.

केंद्रक हे द्रवाच्या थेंबासारखं असतं, ही कल्पना तेव्हा रुळली होती. ती समजायला मला अळवाचं पान पुरतं. त्यावरचा बारका थेंब मोत्यासारखा घट्ट असतो. थोराड थेंब मात्र पान हललं की लांबट होतो, मध्ये कमरेत बारीक होतो आणि बघता बघता एकाचे दोन होतात. केंद्रकाला बांधून ठेवणारं बल जबरदस्त, पण त्याचा हात आखूड. प्रोटॉन मात्र एकमेकांना लांबूनही ढकलत असतात. युरेनियमपर्यंत येता येता ही रस्सीखेच जवळजवळ बरोबरीत सुटते. म्हणून युरेनियम-२३५ फोडायला घण लागत नाही. रेंगाळत आलेला एखादा न्यूट्रॉनही पुरतो. कंबर तुटली की दोन्ही तुकडे एकमेकांना लोटत सुसाट सुटतात. अणुऊर्जा म्हणतात ती मुख्यतः हीच. लोकरीवर घासलेले दोन फुगे ज्या बलाने दूर सरकतात, तेच हे बल. मला तर हे कळल्यावर बॉम्बपेक्षा फुग्यांचंच जास्त नवल वाटलं.

या ढकलण्याचा हिशेब आला सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मग बाईंनी दुसऱ्या वाटेने पडताळा घेतला. वस्तुमानाचं गणित त्यांना तोंडपाठ होतं. फुटल्यावर एका प्रोटॉनाच्या पाचव्या हिश्शाइतकं वजन गायब होतं. आइन्स्टाइनच्या सूत्रात घातलं तर पुन्हा तेच २० कोटी! कोळशातला कार्बनचा एक अणू जळून मिळतात जेमतेम ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

प्रत्येक फुटीत दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात आणि पुढचे अणू फोडतात. या साखळीला लगाम घातला की अणुभट्टी, मोकाट सोडली की हिरोशिमा. बॉम्बच्या कामाचं बोलावणं माइटनरबाईंनाही आलं होतं. त्यांनी साफ नकार दिला.

१९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला मिळालं. त्याचे प्रयोग चोख होते, वादच नाही. पण बेरियम का निघालं, हे ओंडक्यावर बसलेल्या दोघांनी सांगितलं. हा अन्यायच झाला, असं माझं स्वच्छ मत आहे. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला १९९७ साली माइटनेरियम हे नाव मिळालं. हानच्या नावाचं मूलद्रव्य आवर्तसारणीत नाही.