टाचणीच्या वर

कुंभकोणमहून मरुदानल्लूरकडे निघताना रस्त्याकडेच्या दुकानात विड्याच्या पानांची चळत दिसली. दुकानदार हाताने पाणी शिंपडत होता. मरगळलेलं पान पाणी पितं आणि पुन्हा ताठ होतं. पंचवीस वर्षं नववीला परासरण शिकवलं, त्यामुळे असं काही दिसलं की माझे पाय थबकतातच.

प्रयोग बटाट्याचा. सोलायचा, बूड सपाट करायचं, मधोमध खळगा कोरायचा. खळग्यात साखरेचं दाट पाणी ओतून पातळीशी टाचणी टोचायची आणि बटाटा साध्या पाण्याच्या बशीत ठेवायचा. काही वेळाने पातळी टाचणीच्या वर चढलेली असते. पेशींची पटलं पाणी आत येऊ देतात, साखर मात्र अडवून धरतात. मुलं तेवढ्यावर खूश. माझा जीव अडकलेला असायचा तो शेजारच्या बशीत, तिथे उकडलेला बटाटा असे. तीच साखर, तशीच टाचणी, पण पातळी हलत नसे. एकदा दुसऱ्या दिवशी एका मुलीने, मी नको म्हटलेलं असताना, त्या बशीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"बाई, गोड लागतंय! साखर बाहेर आली."

उकडताना पटलं फाटतात. मग कुणाला घ्यायचं, कुणाला थोपवायचं, हे ठरवणारं कुणी उरत नाही. उरतं नुसतं विसरण, दाटीकडून विरळाकडे.

मरुदानल्लूर हे सद्गुरू स्वामींचं (1777–1817) गाव. दक्षिणेतल्या भजन संप्रदायाची पद्धत त्यांनी लावून दिली. त्या काळी तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी राजे होते. तिथले पहिले मराठी राजे व्यंकोजी यांच्यापासून सव्वाशे वर्षं त्या मुलखाच्या कानावर मराठी पडत होती, समर्थ संप्रदायाचे मठ होते. म्हणून इथल्या भजनात जयदेवाची अष्टपदी येते, तेलुगू पदं येतात आणि त्याच पंक्तीला अभंगही बसतो. पुढे एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनकारांकडून साकी, दिंडी ही वृत्तं घेतली. तमिळ हरिकथेत ती आपापल्या नावांनिशी नांदली.

मराठी तिकडे विरघळली, असं लोक हळहळून म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. साडेतीनशे वर्षांनंतरही तंजावरी मराठी घरांतून बोलली जाते, आणि तमिळ कानानेही हवं तेच घेतलं. दोन्हीकडची पटलं शाबूत होती.

मरुदानल्लूरला पोचले तेव्हा स्वामींच्या मठात भजन रंगलं होतं. परकर नेसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी आजोबांच्या मांडीला टेकून गात होती. तमिळमध्ये महाप्राण नाहीत, त्यामुळे तिच्या तोंडी 'विठ्ठल'चा 'विट्टल' झाला होता. ठ बाहेर राहिला होता. नाव आत गेलं होतं, आणि ती डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा घोळवत होती. आजोबांची झांज तिच्या मात्रेवर वाजत होती.