ॲनला मोठं करणारा हात

रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, ते 1993 साल आठवतं? गुलजारांचं गाणं पोराटोरांना पाठ होतं. पण हा मोगली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनचा. तिथल्या चित्रकारांनी तो कागदावर हातानं काढला होता, याची आपल्याकडे कुणाला फिकीर? नावं सरकायला लागली की आम्ही अंघोळीला पळायचो.

त्याच संस्थेत पूर्वी योशिफुमी कोंदो काम करत. जन्म 1950, निईगाता प्रांतातला. 1978 च्या 'फ्यूचर बॉय कोनान' मालिकेत ते की ॲनिमेटर होते. म्हणजे काय? पात्र खुर्चीवरून उठणार असेल तर बसलेलं, अर्धं उठलेलं, उभं राहिलेलं अशी कळीची चित्रं हा माणूस काढतो. मधली चित्रं भरायची ती बहुधा नवशिक्यांनी. टीव्हीला वेळ आणि पैसा दोन्ही तुटपुंजे, म्हणून सेकंदाला चोवीसऐवजी अनेकदा आठच चित्रांवर भागवतात. मोबदला पुष्कळदा नगावर. आमच्या शेजारच्या काकू साडीला फॉल लावायच्या, तसाच हिशेब!

1979 च्या ॲन मालिकेचे 50 भाग. कोंदोंनी पात्रांची रूपं ठरवली आणि इतरांची चित्रं तपासून सुधारण्याची जबाबदारीही घेतली. ॲन म्हणजे कॅनडातली अनाथ पोर. हाडकुळी, तोंडावर ठिपके, अखंड बडबड. भागामागून भाग जातात, वेगळं काही जाणवत नाही. मग एकदम लक्षात येतं, अरे, ही तरुण झाली की! भाची वर्षभरानं भेटावी, तसं माझं झालं. मला तर लढायांच्या दृश्यांपेक्षा हेच काम अवघड वाटतं.

पुढे ते स्टुडिओ जिबलीत गेले. 1995 मध्ये 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' हा चित्रपट दिग्दर्शित केला. हायाओ मियाझाकींनंतर हेच, असं मानलं जात होतं. पण 21 जानेवारी 1998 रोजी महाधमनी फाटून ते गेले. वय अवघं 47. कामाच्या अतिताणाकडे तेव्हा अनेकांनी बोट दाखवलं. सुंदर चित्रांचं कौतुक करताना हे वय माझ्या डोक्यातून जात नाही.

रस्त्यात दिसलेली माणसं चितारायची त्यांची सवय होती. ती चित्रं त्याच वर्षी पुस्तकरूपात आली. त्यात नायक कुणी नाही. वाटेनं जाणारी मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत.