पद्मिनीचा जीर्णोद्धार

धारहून मांडूकडे जाणाऱ्या रस्त्यावर नालछा हे आमचे गाव आहे. मांडू पाहावयास निघालेले प्रवासी येथे फारसे थांबत नाहीत. थांबलेच तर चहापुरते. तथापि मोडके दुरुस्त करून वापरण्याची या भागाची परंपरा जुनी आहे. १८१८ नंतर माळव्याची घडी बसविण्यासाठी आलेल्या सर जॉन माल्कमने नालछास मुक्काम केला, तेव्हा येथील जुन्या पडक्या वाड्यांपैकी एकाची डागडुजी करून तो त्यात राहिला. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६१७ मध्ये, बादशहा जहांगीर मांडूस येणार म्हणून तेथील जुन्या महालांची दुरुस्ती झाली, व तिला सुमारे तीन लाख रुपये लागल्याचे त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. हा आकडा मी मुद्दाम टिपून ठेवला होता. माझ्या हाती चाळीस हजार रुपये होते आणि दुरुस्त करावयाची होती ती एक मोटार.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८५ सालची. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या वेळी धारच्या न्यायालयात वकिली करीत. आगाऊ पैसे भरावयाचे, नंबर लागेपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, आणि गाडी आली की ती आपल्यावर उपकारच झाला असे मानावयाचे, असा तो काळ होता. या गाडीचे कूळ मात्र बरेच लांबवर जाते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ च्या सुमारास जी ‘फियाट ११०० डिलाइट’ होती, तीच सत्तरीच्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ झाली. जन्माने इटालियन असलेल्या गाडीला चितोडच्या राणीचे नाव देण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली, त्याच्या रसिकतेला मी मनोमन नमस्कार करतो. एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस घोड्यांच्या आसपास, आणि गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली.

या चाळीस घोड्यांनी १९९१ मध्ये आम्हा पाच माणसांना कुलदेवतेच्या दर्शनासाठी नालछाहून गोव्यास नेले व परत आणले. खलघाटास नर्मदेच्या पुलावर आईने नाणे टाकले. सेंधव्याच्या पुढे बिजासनच्या घाटात रेडिएटर उकळला, तेव्हा देवीच्या देवळाच्या पायथ्याशी तासभर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. आंबोलीच्या घाटात धुक्यातून उतरताना पुढच्या सीटवरील आईचे स्तोत्र आणि मागच्या सीटवरील माझ्या धाकट्या भावाची उलटी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. हजारांवर किलोमीटरचा तो प्रवास आमच्या घरात अजून ‘यात्रा’ म्हणूनच सांगितला जातो.

तो धाकटा भाऊ आता पुण्यास असतो व हिशेबी आहे. त्याचे म्हणणे असे की, जुनी वाहने मोडीत काढण्याचे २०२१ चे नियम झाल्यापासून गाडी नोंदणीकृत केंद्रात भंगारात दिली तर प्रमाणपत्र मिळते, आणि ते दाखविल्यास नव्या गाडीच्या मार्गकरात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. मग हा लोखंडाचा सांगाडा अंगणात कशासाठी? मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ४१ अन्वये खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आमची मुदत २०२५ च्या मार्चमध्ये संपणार होती. शिवाय नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले होते. भावाच्या युक्तिवादात कायद्याच्या दृष्टीने वैगुण्य नव्हते. अण्णा मात्र या चर्चेत एक शब्दही बोलले नाहीत. जे दावे ते मनातून जिंकू इच्छीत, त्यांत ते असेच गप्प बसत, हे मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षे काढल्यामुळे ओळखून होतो.

इंदूरच्या एका कारखान्याने या कामाचे सव्वा लाख सांगितले. तेव्हा काम घरीच करावयाचे ठरले. अंगणातील कडुनिंबाखाली ताडपत्री बांधली आणि गावातील एका मिस्त्रींना बोलाविले. हे गृहस्थ एरवी ट्रॅक्टर व जीपगाड्या दुरुस्त करतात. परंतु ऐन तारुण्यात दहा वर्षे मुंबईस टॅक्सीच्या धंद्यात काढल्यामुळे पद्मिनी त्यांना अंतर्बाह्य पाठ. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली, ही बातमी त्यांनीच मला सांगितली होती, आणि ती अशा स्वरात की जणू भावकीत सुतक आले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पायाने दाराखालची पट्टी दाबून पाहिली, आणि म्हणाले, “वकीलसाहब, रंग की बात आखिर में.”

या एका वाक्यात सगळी दुरुस्तीची विद्या आली, असे मला वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीचे म्हातारपण रंगात दिसते. ते असते मात्र खाली. रबरी चटया उचलल्या तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा चाळणीसारखा झालेला दिसला. बॅटरीच्या खालचा पत्रा आम्लाने खाल्लेला, डिकीच्या तळाला हातभर भोक. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चौकट नसते. पत्र्याचा देह हाच तिचा कणा. म्हणून कुजका भाग कापून त्या जागी नवा पत्रा जोडणे हे सजावटीचे काम नव्हे, पायाचे काम आहे. त्यानंतर ब्रेक. मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे सिलिंडर खोलून त्यांतील रबरे बदलली. पुढे पेट्रोलचा मार्ग. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. तेव्हा टाकी उतरवून आतून धुतली, नळ्या नव्या घातल्या, आणि कार्ब्युरेटरची गास्केटे मुंबईहून मागविली. टॅक्सीचा धंदा होता तोवर असले सुटे भाग मुबलक मिळत. आता एकेका दुकानदाराला आर्जव करावे लागते. इथवर चोवीस हजार रुपये खर्च झाले आणि गाडी पहिल्यापेक्षा अधिक कुरूप दिसू लागली. शेजारीपाजारी हळहळत.

गंजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यात मला विशेष गोडी वाटली. ब्रश व कागद यांनी निघेल तेवढा गंज मिस्त्रींनी काढला, आणि उरलेल्यावर बाटलीतील एक पातळ द्रव फासला. थोड्या वेळात तांबूस डाग काळपट करडे झाले. बाटली वाचून पाहिली तर त्यात फॉस्फोरिक आम्ल. लोखंडाशी त्याचा संयोग होऊन वर लोहफॉस्फेटचा पातळ थर बसतो व तो पुढील गंजाला अटकाव करतो. मला एकदम धारच्या लाट मशिदीपाशी ठेवलेला लोहस्तंभ आठवला. भोजराजाच्या काळचा समजला जाणारा, तीन तुकडे झालेला तो सात टनांचा स्तंभ मी लहानपणापासून पाहत आलो. माळव्याच्या शेकडो पावसाळ्यांनी त्याचे फारसे काही बिघडविलेले नाही. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दिल्लीच्या व धारच्या लोहस्तंभांचा अभ्यास केला आहे. त्या लोखंडात फॉस्फरसाचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो, असे त्यांचे प्रतिपादन. परमारांच्या लोहारांनी जे भट्टीत साधले, ते आमचे मिस्त्री बाटलीतून ओतीत होते. त्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “उनके पास टाइम था, साहब.”

येथे आपल्या देवळांचा विषय मनात आल्यावाचून राहिला नाही. जीर्णोद्धार हा शब्द आपण फार सैल वापरतो. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी स्वतंत्र सांगितला आहे. म्हणजे जुन्याला हात कसा लावावा याचेही शास्त्र असते, एवढे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. आणि आज? गोमंतकातील व कोकणातील कित्येक देवळांत मी पाहिले आहे की, गळके छप्पर तसेच राहते, पण देणगी हाती येताच प्रथम चकचकीत फरशी बसते, जुन्या लाकडी खांबांवर तेलरंग चढतो, भिंतीवरील चित्रे चुन्याखाली जातात. पैसा थोडा असता तर छपराचेच काम झाले असते, आणि चित्रे वाचली असती. आमच्या मोटारीला श्रीमंती लाभली नाही हे तिचे भाग्य, असे मी त्या दिवसांत भावाला पत्रातून कळविले. त्याचे उत्तर आले नाही.

रंगाचे काम दिवाळीनंतर काढले. घरगुती रंगकामाला ऋतू पाहावा लागतो. हवेत ओल असली तर लॅकरच्या रंगावर पांढरट धुके धरते. म्हणून माळव्याची कोरडी थंडी उत्तम. आजकाल कारखान्यांतून पीयू नावाचा रंग मारतात. तो टिकाऊ खरा, परंतु त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटे फुप्फुसांना घातक असतात, आणि साध्या फडक्याने तोंड बांधून ते मारणे म्हणजे आत्मघात. अंगणात, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीशेजारी, तो प्रश्नच नव्हता. जुना नायट्रोसेल्युलोजचा, ज्याला लोक ड्युको म्हणतात, तो घेतला. त्याच्याही वाफा व पेट घेण्याचा गुण सांभाळावाच लागतो. म्हणून त्या दिवशी आवारात चूल पेटली नाही, अण्णांची रवानगी मामांकडे झाली, आणि आम्ही दोघांनी चांगले मुखवटे लावले. भल्या पहाटे जमिनीवर पाणी शिंपून धूळ बसवावयाची, वारा सुटण्याच्या आत काम उरकावयाचे. बंदूक पत्र्यापासून वीतभर दूर, हात सरळ, थर पातळ. एका जाड थरापेक्षा पाच पातळ थर बरे.

परंतु रंग कोणता? हा वाद मी माझ्याशीच महिनाभर घातला. गाडी १९९६ पासून गडद हिरवी होती, आणि अण्णांनी तो बदल तेव्हाच नोंदणीपुस्तकात रीतसर चढवून घेतला होता. हिरवा कायम ठेवला तर कागदपत्रांचा त्रास नाही. तथापि लांबी भरण्यासाठी दार घासताना हिरव्याखाली तांबडा प्रायमर, आणि त्याखाली मूळचा मोतिया रंग उघडा पडला. तो कुर्ल्याहून आलेला रंग. प्रामाणिक जीर्णोद्धार मोतियाचाच, असे एक मन म्हणे. हिरव्या रंगानेही या घरात अठ्ठावीस वर्षे काढली, त्याचा हक्क काहीच नाही का, असे दुसरे. वहिवाटीचा हक्क वकिलाला सहज डावलता येत नाही.

निकाल अण्णांनी दिला, तोही न बोलता. त्यांना काचबिंदू आहे. दृष्टी कडांकडून आटत आलेली, आणि उरल्या दृष्टीलाही गडद-फिक्यातील भेद कमी कळतो. एका संध्याकाळी ते तुळशीला दिवा लावून परत येत होते. गाडी समोर, चार पावलांवर. त्यांनी हाक मारली, “अरे, गाडी परत कुठे नेऊन लावलीस?” सांजवेळी कडुनिंबाखालचा हिरवा त्यांना दिसतच नव्हता. त्याच वेळी अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात पांढरा चुना दिलेला हौद मात्र ते अचूक टाळून आले होते. मी दुसऱ्या दिवशी हातमोजे ठेवण्याच्या कप्प्याचे झाकण काढून इंदूरला घेऊन गेलो. त्याच्या आतील बाजूस मूळचा मोतिया उन्हापासून अस्पर्श राहिला होता. दुकानदाराने त्यावरून रंग मिळवून दिला.

त्या झाकणावर आणखी एक वस्तू होती. गाडी घरी आली त्या दिवशी आईने तिची पूजा केली, आणि कुंकू पुसले जाईल म्हणून लाल तेलरंगाने तेथे एक लहानसे स्वस्तिक काढले होते. एक रेघ थोडी ओघळलेली. आई २०११ मध्ये गेली. मिस्त्रींनी काही न विचारता त्यावर कागद चिकटवला आणि मगच बंदूक उचलली.

मार्चमध्ये गाडी तपासणीस नेली. निरीक्षकांनी चासीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल फिरवून त्याचा ठसा घेतला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, खाली वाकून तळाच्या पत्र्यावर बोटाने टकटक केली, आणि रंगातील बदलाची नोंद घेऊन पाच वर्षांची मुदत वाढवून दिली. शुल्क पाच हजार पडले; त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील अशा गाड्यांसाठी ते दहा हजार झाले, हे कळल्यावर भावाचे प्रथमच अभिनंदनाचे पत्र आले. एकंदर खर्च शुल्क धरून त्रेचाळीस हजार सातशे. वरचे तीन हजार सातशे अण्णांनी आपल्या निवृत्तीच्या पुंजीतून दिले व पावती मागून घेतली.

आता संध्याकाळी तुळशीपासून परतताना ते सरळ गाडीपाशी येतात, बॉनेटवर हात ठेवतात, आणि तेथून पायरीकडे वळतात. मागचा बंपर अद्याप क्रोम करून आणावयाचा आहे. इंदूरचा भाव ऐकून त्याला तूर्त चंदेरी रंग द्यावा असे अण्णांनी सुचविले आहे. मिस्त्रींचा त्यास सक्त विरोध आहे. प्रकरण विचाराधीन आहे.