मोगलाईतलं माहेर

आजीचं माहेर जाफराबादच्या अंगाला. देऊळगाव राजाहून बैलगाडीनं एका दिवसाची वाट. पण तिच्या तोंडी गावाचं नाव कधी आलं नाही. "मोगलाईत जाऊन येते," एवढंच. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. आम्हा भावंडांना कितीतरी दिवस वाटायचं, मोगलाई हेच त्या गावाचं नाव.

तिच्या ट्रंकेत एक हाली रुपया होता. त्यावर चारमिनार, आणि मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर. सात हाली म्हणजे सहा कलदार, इंग्रजांचे रुपये. लग्नातल्या मानपानाचा हिशेब आजोबा म्हातारपणीही याच भावानं मांडायचे आणि म्हणायचे, "साताला एक तिथंच बुडाला."

शिवेवर निजामाचा करोडगिरी नाका. नव्या कापडावर जकात. म्हणून माहेरी जाताना आजी लुगड्यावर लुगडं नेसायची. घामाच्या धारा लागायच्या, पण भावजयीचं लुगडं बिनजकातीचं पोचायचं.

खरं तर आम्ही वऱ्हाडवाल्यांनी मोगलाईला नाकं मुरडावीत असं काही नव्हतं. १७२४ साली निजामानं मुबारिझखानाला लोळवलं आणि दख्खन आपलीशी केली, ते आमच्या साखरखेर्ड्यावरच. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, तरी कागदावर मालकी निजामाचीच राहिली. तरीही आमच्या घरात कुणी वेंधळेपणा केला की "मोगलाईतला दिसतो" हे ठरलेलं. आजीसमोरसुद्धा.

१९४७ च्या १५ ऑगस्टला आमच्याकडे साखर वाटली गेली. आजीच्या माहेराला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धास्तीनं तिचे दोघे भाऊ, आम्हा सगळ्यांचे मामा, बायकापोरांसह रातोरात गाड्या जुंपून इकडे आले. आमची ओसरी आणि गोठा त्यांनी भरून गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तेव्हा कुठं गाड्या परत फिरल्या. पुढं त्या तारखेला मामांकडच्या पोरांच्या शाळेत झेंडा लागायचा. आमच्याकडे त्या दिवशी नेहमीसारखे पाढे.

दिवाळीला मामा आले की ती गोष्ट निघायचीच. दर वर्षी रझाकार थोडे वाढायचे, हे आम्हा पोरांच्याही ध्यानात आलं होतं. आजी वाती वळत ऐकायची. गोष्ट संपली की हमखास विचारायची, "आन् मनियारीण?"

मोठे मामा पानाला चुना लावत बसायचे.

निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय फौजेच्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, मराठवाड्यात मुसलमानांवर काय गुदरलं, ते पाहायला सरकारनं सुंदरलाल समिती पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक दशकं दडूनच राहिला. हे मला फार उशिरा, पुस्तकातून कळलं. मामांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक असणार. एकदाच, आजीनं फारच लावून धरलं तेव्हा, ते म्हणाले, "आम्ही परत गेलो तवा तिचं दार उघडंच होतं, अक्का."

आजीच्या लग्नातला चुडा त्या मनियारणीनंच भरला होता.