उणे अठरा अँपिअर

आषाढ लागला की पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीची घाई सुरू होते. आखणीला उजेड एकसारखा लागतो, आणि नेमकी त्याच दिवसांत पावसाने लाइट जाते. म्हणून मामाने इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीशेजारी एक नवी समांतर जोडून घेतली होती. दोन बॅटऱ्या म्हणजे दुप्पट वेळ, असा त्याचा हिशेब. झालं उलटंच. दिवे आधीपेक्षा लवकर विझायला लागले आणि जुनी बॅटरी हात टेकवू नये इतकी तापायला लागली.

"अगं, रोह्याला कंपनीत एवढाली पॅनल बघतेस, आमचं एवढं बघ की," मामा म्हणाला.

रविवारी दोन्ही बॅटऱ्या सुट्या केल्या. मोकळ्या मोजल्या तर नवी 12.8 व्होल्ट, जुनी 10.4. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडे वर. म्हणजे जुनीतला एक सेल शॉर्ट झालेला. मग एकेकीवर गाडीचा बल्ब लावून दाब किती पडतो ते पाहिलं. वायर-लग धरून नवीचा अंतर्गत रोध 0.02 ओहम निघाला, जुनीचा 0.1. जुनी मेली हे कळलंच होतं. पण मला आकडा हवा होता: नवीतला प्रवाह जातो कुठे, आणि किती?

सोमवारी सकाळी पेणहून रोह्याच्या गाडीत वही काढली. दोन्ही बॅटऱ्यांतून प्रवाह बाहेर येतो असं धरून बाण काढले. इन्व्हर्टरचा भार साधारण एक ओहमचा धरला. जोडावर जितका प्रवाह येतो तितकाच निघतो. फेरा पुरा केला की दाबांची बेरीज शून्य. हे दोन नियम किरचॉफने 1845 मध्ये मांडले, तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. कासू येईपर्यंत उत्तर आलं: नवी 30 अँपिअर, जुनी उणे 18, दिव्यांना 12.

डिप्लोमाला असताना उणे उत्तर आलं की मी अख्खं पान खोडायची. चूक झाली असंच वाटायचं. या वेळी खोडलं नाही, ताळा घेतला. फक्त नवीचा दाब धरला तर जुनीत उणे 105, फक्त जुनीचा धरला तर अधिक 87. बेरीज उणे 18. गाडी नागोठण्याला थांबली होती आणि मी त्या उण्याकडे बघत बसले होते. माझा बाण उलटा होता, एवढंच ते सांगत होतं. जुनी बॅटरी देत नव्हती, घेत होती. दिव्यांना लागतो त्याच्या दीडपट प्रवाह तिच्या पोटात जाऊन त्याची उष्णता आणि वायू होत होता.

संध्याकाळी डीसी क्लॅम्प मीटर मागून आणला. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मोजण्यापुरत्याच बॅटऱ्या पुन्हा जोडल्या. क्लॅम्पवरचा बाण बाहेरच्या दिशेने धरला. नवीवर 29.4. जुनीवर उणे 17.6. मामाला वहीतला आकडा दाखवताना माझा हात थरथरत होता.

मग इन्व्हर्टर बंद केला. जुनीत जाणारा प्रवाह कमी व्हायच्या ऐवजी एकोणिसाच्या वर गेला. वहीत तो वीस होता: दोघींच्या दाबातला फरक 2.4, दोघींचा मिळून रोध 0.12. भार काढला की दिव्यांकडे जाणारी वाट बंद होते आणि नवीचा दाब जुनीवर आणखी चढतो.

मामा बराच वेळ मीटरकडे बघत राहिला. "म्हणजे रात्री सगळं बंद करून आम्ही घरी जायचो, तेव्हाही नवी हिलाच पाजत होती?"

"हो."

जुनी काढून दाराबाहेर ठेवली आणि नवी एकटीच जोडली. जुनीसोबत परत नवी जोडायची नाही, जोडायच्या तर एका वयाच्या, एका जातीच्या, हे मामाकडून दोनदा वदवून घेतलं. तेवढ्यात लाइट गेली. आखणी करणाऱ्याने कुंचला उचलला होता, तो तसाच डोळ्यावर टेकवला.