सुईच्या अग्राएवढें भोंक

जें आपण दुसऱ्यांस वर्षानुवर्षें शिकवितों, तेंच ऐन वेळीं आपणांस आठवूं नये, याहून शिक्षकास लाजिरवाणें असें काय असणार? गेल्या वर्षीं असा प्रसंग आमच्यावर आला. तो सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं. परंतु आमच्या फजितीचा विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं उपयोग होईल, या आशेनें तो येथें लिहीत आहों.

जयसिंगपूर हें गांव छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या वडिलांच्या नांवानें वसविलें. रस्ते आखीव, पेठ मोठी, आणि भोंवतालीं कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावर पोसलेलें उसाचें रान. अशा जमिनींत गवतही माजतें. पावसाळा सरला, कीं आमच्या क्रीडांगणावर तें गुडघ्याएवढें उभें राहतें. पूर्वीं विळ्यांनीं कापतांना आठ-आठ दिवस जात. पुढें एका माजी विद्यार्थ्यानें शाळेस गवत कापण्याचें यंत्र दिलें. असलें पहिलें यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें १८३० सालीं काढलें. तें हातानें ढकलावयाचें होतें. आमच्या यंत्रावर मात्र बसून तें मोटारीप्रमाणें चालवावयाचें असतें. त्यास पेट्रोलचें एंजिन आहे व पोटाखालीं पातीं फिरतात. आमचे माळीमामा हे या रथाचे सारथि.

वार्षिक क्रीडास्पर्धांस सहा दिवस उरले असतां यंत्र कुरकुरूं लागलें. सकाळीं किल्ली फिरवितांच सुरू होई, दहा-बारा मिनिटें झोकांत चाले. मग आवाज खालावे, धाप लागल्याप्रमाणें तें आचके देई आणि दाट गवतांत शिरतांच बंद पडे. अर्धा तास विसावा मिळाला, कीं स्वारी पुन्हां पूर्ववत्!

आम्ही विज्ञानाचे पदवीधर. तेव्हां दोष शोधण्याचें काम आम्हीं आपणाकडे ओढून घेतलें. निकोलाउस ऑटोनें १८७६ सालीं चार ठोक्यांचें एंजिन सिद्ध केलें, त्याचाच वंश या यंत्रांत नांदतो. पहिल्या ठोक्यांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें, दुसऱ्यांत तें दाबलें जातें, तिसऱ्यांत ठिणगीनें पेटून दट्ट्यास ढकलतें, चौथ्यांत धूर बाहेर पडतो. म्हणजे एंजिनाची शक्ति चार गोष्टींवर अवलंबून : स्वच्छ हवा, योग्य इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरांत टिकणारा दाब.

आम्हीं क्रमानें परीक्षा मांडली. हवेची गाळणी गवताच्या भुशानें भरली होती. ती साफ केली. प्लगवरील काजळी पुसून त्याच्या टोंकांतील फट पाऊण मिलिमीटर ठेविली. तरी जमेना, म्हणून नवा प्लग बसविला. एंजिनाच्या अंगावरील पंख्यांसारख्या पट्ट्यांत वाळलें गवत कोंबलें होतें. त्यामुळें तें तापत असेल, म्हणून तेंही काढलें. पात्यांभोंवतीं चिकटलेला चिखल खरवडला. पेठेंतील एका कारागिराकडून कार्ब्युरेटर धुवून घेतला व दाबही तपासून घेतला. दाब उत्तम निघाला. यंत्र मात्र नेमानें बाराव्या मिनिटास बंद पडे.

उरलें पेट्रोल. पेट्रोलांत आतां शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळतात. आपल्या उसाशीं नातें सांगणारा हा पदार्थ हवेंतील ओल शोषतो. म्हणून फार दिवस सांठविलेलें पेट्रोल एंजिनास बाधतें. पण आमचें पेट्रोल तर त्याच आठवड्यांत आणलेलें होतें. आणणारे होते माळीमामा. येथें आमच्या मनांत पाप शिरलें. दोन मुलांदेखत आम्हीं विचारलें, “मामा, आणतां तें सगळें पेट्रोल टांकींतच पडतें ना? त्यांत रॉकेल तर मिसळत नाहीं?”

मामा कांहीं वेळ गप्प राहिले. मग यंत्राची किल्ली आमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “दुसरा माणूस बघा, सर.” आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं स्वतः जाऊन पेट्रोल आणलें, जुनें काढून नवें भरलें. यंत्र बाराव्या मिनिटास थांबलें! त्याच क्षणीं मामांच्या घरीं जावयास हवें होतें. गेलों नाहीं. खरें कारण सांपडल्यावर जाऊं, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. भेसळ असती, तर ती अर्ध्या तासाच्या विसाव्यानें नाहींशी कशी झाली असती, एवढा साधा विचारही आम्हांस सुचला नव्हता.

टांकींत पेट्रोल किती उरलें, हें पाहण्यासाठीं आम्हीं झाकण फिरविलें. एंजिन तापलेलें असतां असें करणें धोक्याचें. तेंही आमचें चुकलेंच. झाकण सुटतांच ‘सूं’ असा आवाज झाला. आम्हीं लक्ष दिलें नाहीं, परंतु शेजारीं नववींतील एक मुलगा उभा होता, तो म्हणाला, “सर, आंत हवा गेली! आमच्या दुकानांत तेलाच्या डब्याला एकच भोंक पाडलें, तर तेल अडखळतें. बाबा नेहमीं दुसरें भोंक पाडतात.”

आम्ही चपापलों. झाकण उलटें करून पाहिलें. त्यांत हवा आंत येण्यासाठीं सुईच्या अग्राएवढें भोंक होतें, तें तेलकट धुळीनें पार बुजलें होतें. पेट्रोल जसजसें खर्च होई, तसतशी त्याची जागा घेण्यास बाहेरची हवा येऊं शकत नसे. टांकींत निर्वात होऊन पेट्रोलाचा ओघ मंदावे. विसाव्याच्या वेळीं फटींतून थोडी हवा झिरपे, आणि यंत्र पुन्हां चाले. हवेस दाब आहे, हें टॉरिचेलीनें १६४३ सालीं दाखवून दिलें. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम, हें आम्ही दरवर्षीं नववीच्या फळ्यावर लिहितों. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच!

भोंक सुईनें मोकळें केलें. यंत्र तासभर न थांबतां चाललें.

त्या संध्याकाळीं ज्यांच्यादेखत मामांस बोललों होतों, त्या दोन्ही मुलांस बरोबर घेऊन आम्ही त्यांच्या घरीं गेलों व हात जोडून क्षमा मागितली. मामांनीं आम्हांस बसविलें, चहा दिला; पण फारसें बोलले नाहींत. निघतांना एवढेंच म्हणाले, “ते भोक कुठं हाय, उद्या दावा मला.” दुसऱ्या दिवशीं ते कामावर आले. क्रीडांगण वेळेवर तयार झालें.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र बिघडलें तर आधीं तें केव्हां बिघडतें व केव्हां सुधारतें हें पाहा; जें सर्वांत साधें व बिनखर्चाचें तें प्रथम तपासा; आणि पात्यांस हात लावण्यापूर्वीं एंजिन थंड होऊं देऊन प्लगची तार काढून ठेवा. माणसावर संशय घेण्याची पाळी मात्र सर्वांच्या शेवटीं येऊं द्या. प्लग बदलतां येतो. मुलांदेखत बोललेला शब्द परत घेण्यास कोणतें हत्यार आहे, तें आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

मामांनीं यंत्राच्या बैठकीस दोऱ्यानें एक सुई बांधून ठेविली आहे. दर शनिवारीं ते तिनें झाकणाचें भोंक साफ करितात. जवळून जातांना ती सुई आमच्या दृष्टीस पडते, आणि प्रत्येक वेळीं थोडी टोंचते.