आतलं चाक, बाहेरचं चाक

जुन्या स्पोर्ट्स कारची गोष्ट रोहण्यापासून सुरू करायची म्हणजे जरा आडवाटच. आर्वी तालुक्यातलं हे गाव कापूस, तूर, सोयाबीनचं. इथली काळी जमीन पावसात फुगते, चाकाला चिकटते आणि श्रावणात पांदण रस्त्यावर रुतलेला ट्रॅक्टर ही काही बातमी नसते. पण जुन्या गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल कोणता बसवावा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच चिखलात आहे. उरलेलं अर्धं गाडीच्या मालकाच्या स्वभावात.

मुळात भानगड वळणाची. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर एका पूर्ण वळशात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त चालतं, मग वळसा लहान असो की मोठा. बंडीला याचं काहीच वाटत नाही. तिची चाकं आसावर आपापली सुटी फिरतात आणि ओढायचं काम बैलांचं असतं. पुलगाव–आर्वी ही १९१७ साली सुरू झालेली अरुंद गेजची रेल्वे रोहण्यावरूनच जायची. तिच्या डब्यांची तऱ्हा अगदी उलटी: दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, वेगवेगळी फिरूच न शकणारी. तरी ती रुळावर वळायची, कारण रेल्वेच्या चाकाची धाव किंचित उतरती असते. वळणावर आस बाहेर सरकतो, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर, आणि हिशेब जुळतो.

ट्रॅक्टरला या दोन्ही सवलती नाहीत. त्याच्या चाकांना फिरवणारं इंजिन आहे आणि खाली रूळ नाहीत. म्हणून मागच्या हाऊसिंगमध्ये क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीच्या पोटात डिफरेन्शियल बसला. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनं १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या कितीतरी आधी.

हा डिफरेन्शियल वाटणीच्या बाबतीत फारच काटेकोर. दोन भावांत शेत वाटताना एकानं काहीच घ्यायचं नाही म्हटलं, की दुसऱ्यालाही काही द्यायचं नाही, असा त्याचा न्याय. दोन्ही चाकांना तो नेहमी सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात घसरलं, की त्याला फिरायला जोर जवळपास लागतच नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य. घसरणारं चाक गरगर फिरतं, भक्कम जमिनीवरचं उभं राहतं. ट्रॅक्टरवाला अशा वेळी टाचेनं डिफरेन्शियल लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकजीव होतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. वळण्याआधी ते सोडायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. दुसरी युक्तीही त्याच्याकडे आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला, की त्याला ‘जोर लागतो’ आणि तितकाच जोर दुसऱ्याकडेही जातो. ही युक्ती लक्षात ठेवावी, पुढे कामाला येणार आहे.

स्पोर्ट्स कारचं दुखणं तेच, फक्त चिखल नसताना. वेगात वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आतलं मागचं चाक हलकं होतं आणि अॅक्सलरेटर दाबताच धूर काढत फिरतं. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या ऑटो युनियन रेस कारना याचा चांगलाच त्रास झाला. सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि चाकं ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही घसरणारी. १९३५ मध्ये पोर्शे यांनी झेडएफ कंपनीकडून यावर तोडगा करून घेतला: चाकांना वेगवेगळं फिरू देणारा, पण मोकाट सुटू न देणारा, म्हणजेच लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल. सामान्य ग्राहकाच्या मोटारीत तो १९५६ साली अमेरिकेच्या पॅकार्डनं आणला.

आता निवडीकडे. उदाहरणाला माझदाची एमएक्स-५ घ्यावी, कारण १९८९ साली आलेल्या या छोट्या दोन आसनी गाडीच्या मागच्या हाऊसिंगमध्ये डिफरेन्शियलचे जवळजवळ सगळे अवतार येऊन गेले. सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांत साधा डिफरेन्शियल, किंवा जास्तीचे पैसे मोजले तर व्हिस्कस. व्हिस्कसमध्ये सिलिकॉनच्या दाट द्रवात पातळ पट्ट्या असतात; एक चाक जास्त फिरलं, की द्रव तापतो, घट्टपणा आणतो. प्रतिसाद मऊ आणि उशिरा. तीसेक वर्षांनी त्या द्रवात जीव उरलेला नसतो आणि तो डबा उघडून दुरुस्त करायची सोयही नसते. जुन्या गाडीतला व्हिस्कस ‘अजून चालतो’ असं विकणारा म्हणत असेल, तर त्यानं साध्या डिफरेन्शियलचीच किंमत सांगितली, असं समजावं.

१.८ लिटर इंजिनाबरोबर टॉर्सेन आला. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकन संशोधकाचं १९५८ चं पेटंट त्याच्या मुळाशी आहे. यात प्लेट नाहीत, स्प्रिंगची मारामारी नाही. तिरप्या दात्यांचे गिअर जोर आला की एकमेकांवर आणि हाऊसिंगवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त पकड असलेल्या चाकाला जास्त वाटा मिळतो. इंग्लंडच्या क्वेफचा डिफरेन्शियलही याच जातीचा. झीज नगण्य, तेल साधं, शहरात आवाज नाही. पण त्याचा हिशेब गुणाकाराचा असतो. गुणोत्तर अडीच असेल आणि कमकुवत चाक वीस एकक जोर पेलत असेल, तर दुसऱ्याला पन्नास मिळतात. चाक हवेत उचललं गेलं, तर? शून्य गुणिले अडीच शून्यच. इथे ट्रॅक्टरवाल्याची युक्ती येते: हँडब्रेक किंचित ओढला, की शून्याचं काहीतरी होतं आणि गाडी पुढे सरकते.

तिसरा प्लेटवाला. क्लच प्लेट, त्यांवर आधीपासून दिलेला दाब आणि उतरत्या खाचा. चाक हवेत असलं तरी तो काही जोर पोचवतोच, म्हणून सर्किटवाले त्याच्यावर जीव टाकतात. खाचांचा उतार बदलून तो फक्त अॅक्सलरेटरवर घट्ट करता येतो किंवा ब्रेकिंगलाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पार्किंगमध्ये वळताना कटकट आवाज, घर्षण सुधारणारं खास तेल, आणि प्लेट झिजल्या की पुन्हा उघडणं.

आणि चौथा, फुकटातला: आतले गिअर वेल्ड करून टाकणं. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गो-कार्टला मुळात डिफरेन्शियल नसतोच. मागची दोन्ही चाकं एका सळईवर. कार्ट वळते ती आतलं मागचं चाक जमिनीवरून उचलून, आणि तिची पुढची भूमिती त्यासाठीच बांधलेली असते. रस्त्यावरची गाडी असं चाक उचलत नाही. वेल्ड केलेली गाडी वळणावर टायर घासते, पावसात सरळ जायचा हट्ट धरते. ट्रॅक्टरवाला टाच उचलून लॉक सोडू शकतो. वेल्ड सोडता येत नाही.

२०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये महिंद्रानं टाचेचा लॉक आणि वेल्ड यांच्या मधलं यंत्र दिलं. ईटनचा तो डिफरेन्शियल दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला, की स्वतःहून लॉक होतो आणि वेग वाढला की सुटतो. चिखलाला छान. स्पोर्ट्स कारला मात्र वळणाच्या मध्यावर अचानक लॉक होणारं यंत्र म्हणजे आगाऊपणा.

आपल्याकडच्या गाड्यांना याची गरज किती? कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची खरी, पण १०८९ सीसीच्या इंजिनातून निघणारे चाळीसेक हॉर्सपॉवर कोरड्या डांबरावर चाक घसरवायला पुरत नाहीत. पैसे टायर आणि शॉक अॅब्सॉर्बरवर घालावेत. गोव्यात वेर्ण्याला तयार झालेली सॅन स्टॉर्म दिसायला स्पोर्ट्स कार, पण रेनॉचं छोटं इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं. पुढच्या चाकांच्या गाडीत प्लेटवाला बसवला, की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. तिथे बसवायचाच, तर टॉर्सेनसारखा गिअरवाला.

जुन्या गाडीत नुसता डिफरेन्शियल विकत घेऊन भागत नाही, हेही एमएक्स-५ नीट शिकवते. १.६ चा क्राउन लहान, १.८ चा मोठा आणि भक्कम. त्यामुळे मोठा बसवायचा, तर हाऊसिंग, दोन्ही अर्धे अॅक्सल आणि प्रॉपेलर शाफ्टही मोठ्या गाडीचेच हवेत. सुट्टा टॉर्सेन स्वस्तात मिळाला म्हणून उड्या मारणाऱ्याला हे नंतर कळतं. त्यातून १.६ चं अंतिम गुणोत्तर ४.३, मोठ्याचं बहुधा ४.१. स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून आकडा घेत असल्यानं गाडी शंभरावर असताना काटा पंचाण्णवच्या आसपास थांबतो. हायवेवरच्या कॅमेऱ्याला हे कारण पटत नाही.

बसवताना क्राउन आणि पिनियनमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी ठेवावी लागते. दात्यांवर रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहायचं, शिम बदलायची, पुन्हा पाहायचं. ‘अंदाजे बसवतो’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणावी. चुकलेली फट आधी गुणगुणते आणि मग दाते खाते.

तेव्हा रोज रस्त्यावर चालणाऱ्या, अधूनमधून घाटात नेल्या जाणाऱ्या जुन्या गाडीला गिअरवाला डिफरेन्शियलच घ्यावा, तोही हाऊसिंग, अॅक्सल आणि शाफ्टसकट एकाच गाडीतून काढलेला. सर्किटवर चाक उचलणारी गाडी असेल, तरच प्लेटवाल्याचा लाड करावा. आणि तो घेतलाच, तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तेल बदलायला विसरू नये. नव्या प्लेटांची पहिली झीज सगळी त्या तेलात उतरलेली असते.